कॅप्सूलमधल्या पाचक एन्झाइमांची साठवण: ओलावा आधी, भिंत नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅक्टेज (दुधातली साखर तोडणारं), अमायलेज (स्टार्च तोडणारं) आणि पपेन (प्रथिनं तोडणारं) ही तीन पाचक एन्झाइमं एकत्र करून कॅल्शियम अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासून बनणाऱ्या जेलच्या) मण्यांत बांधली, मणी ट्रेवर ४५ अंश सेल्सिअसला वाळवले आणि प्लास्टिकच्या बरण्यांत भरले. तीन महिन्यांत लॅक्टेजची क्रियाशीलता ६० टक्क्यांवर आली. आता मण्यांवर कायटोसनचा (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाचा) दुसरा थर दिला किंवा भिंत जाड केली, तर २४ महिन्यांचं आयुष्य मिळेल का?

नाही मिळणार. या कामात माझी वीसेक वर्षं गेली आहेत आणि हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत अनेकांनी विचारला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब मांडू. तीन महिन्यांत १०० चे ६० झाले, म्हणजे दर महिन्याला साधारण १६ टक्के गळती. कोरड्या एन्झाइमची क्रियाशीलता बहुतेक वेळा चक्रवाढ व्याजाच्या उलट चालते: दर महिन्याला उरलेल्यातला ठरावीक वाटा जातो. २४ महिन्यांनी निदान ८० टक्के शिल्लक हवी असेल, तर महिन्याची गळती एका टक्क्याच्या आत आणावी लागते. दोन वेगांची तुलना करा, आजची गळती अठरा पटींनी मंदावायची आहे. अठरा पट! भिंतीची जाडी दुप्पट-तिप्पट करून हा फरक भरून निघत नाही.

त्यातही ही भिंत कशाची आहे ते पाहा. अल्जिनेट, कायटोसन, डिंक, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्च तोडून केलेली पावडर), जिलेटिन हे सगळे पदार्थ पाण्याच्या ओढीचे. बाष्प त्यांच्यातून सहज आरपार जातं. बरणीतली हवा दमट असेल तर एक-दोन मिलिमीटरचा मणी थोड्याच दिवसांत त्या हवेशी समतोल साधतो, मग वर एक थर असो की तीन. अशी भिंत उपयोगाची नाही असं मी म्हणत नाही. खाद्यपदार्थात एन्झाइम वेगळं ठेवणं, आम्लापासून थोडा वेळ सांभाळणं, पोटात कुठे सुटायचं ते ठरवणं ही तिची कामं आहेत आणि ती ती चोख करते. पण साठवणीतला मुख्य शत्रू पाणी आहे, आणि ही भिंत त्याला थोपवत नाही.

पाणी नेमकं काय करतं? कोरड्या स्थितीत प्रथिनाचा रेणू जागच्या जागी अडकलेला असतो. त्याला उलगडायचं असेल, शेजारच्या रेणूला चिकटायचं असेल, साखरेशी मेलार्ड प्रक्रिया (साखर आणि प्रथिन जुळून तपकिरी होण्याची अभिक्रिया) करायची असेल किंवा ॲस्पॅराजिन या अमिनो आम्लावरचा अमाइडचा गट गमवायचा असेल, तर हालचाल लागते. ती हालचाल पाणी मिळवून देतं. साखर आणि प्रथिनाचं कोरडं मिश्रण काचेसारखं असतं: दिसायला घन, रचनेने विस्कळीत, आतले रेणू गोठल्यासारखे. ही काच ज्या तापमानाला मऊ पडते त्याला ग्लास ट्रान्झिशन तापमान म्हणतात. पाणीविरहित सुक्रोजचं (आपल्या साध्या साखरेचं) ते ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान असतं, ट्रेहॅलोज या दुसऱ्या साखरेचं ११० ते १२० च्या आसपास, आणि पाण्याचं स्वतःचं उणे १३५ च्या जवळ. म्हणजे पाण्याचा प्रत्येक टक्का ही काच खाली ओढतो. सुक्रोजमध्ये ३ टक्के पाणी शिरलं की ग्लास ट्रान्झिशन साधारण ३५ अंशांपर्यंत येतं, ५ टक्क्यांना ते २० च्या घरात पोहोचतं. ट्रेहॅलोजमध्ये ५ टक्के पाणी असतानाही ते ५० च्या आसपास टिकून राहतं. साठवणीचं तापमान या आकड्याच्या निदान २० अंश खाली असावं, हा माझा नेम आहे. शक्य असेल तिथे ४० अंश.

तुमच्या मण्यांमध्ये मुळात साखर नाहीच. नुसतं अल्जिनेट काच म्हणून कडक असतं, पण त्याचे लांबलचक रेणू प्रथिनाच्या खाचाखोचांत बसत नाहीत. प्रथिनाभोवतीचं पाणी वाळताना निघून जातं, तेव्हा त्या जागी कुणीतरी लहान, हायड्रोजन बंध जोडू शकणारं बसावं लागतं. ट्रेहॅलोज आणि सुक्रोज ते करतात. जास्त ग्लास ट्रान्झिशन असलेलं माल्टोडेक्स्ट्रिन एकटं वापरलं तर नेमकं याच कारणाने निराशा होते. माझी पसंती ट्रेहॅलोज अधिक थोडं कमी-डीई (म्हणजे कमी तुटलेलं, लांब साखळ्यांचं) माल्टोडेक्स्ट्रिन अशा जोडीला आहे: पहिलं प्रथिनाला बिलगतं, दुसरं काच कडक ठेवतं आणि साखरेला स्फटिक बनण्यापासून रोखतं. प्रथिनाच्या वजनाइतकी तरी साखर हवी. दुप्पट असेल तर मला बरं वाटतं. हे प्रमाण शुद्ध प्रथिनाच्या वजनावर काढा, पावडरीच्या वजनावर नव्हे. बाजारात मिळणाऱ्या एन्झाइम पावडरीत बराचसा भाग वाहक पदार्थाचाच असतो. तो कोणता आहे ते पुरवठादाराला विचाराच. लॅक्टोज किंवा ग्लुकोज निघालं तर मेलार्डचा धोका तुम्ही पावडरीबरोबरच विकत घेतला असं समजा. सुक्रोज स्वतः निरुपद्रवी आहे, पण मिश्रण आम्लधर्मी असेल तर ते हळूहळू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि ही दोन्ही प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लावर हल्ला करतात. म्हणून आम्ल असेल तिथे ट्रेहॅलोजच.

अल्जिनेटच्या मण्यात साखर घालताना एक गोष्ट हमखास चुकते. थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात पडतात आणि तिथे अर्धा तास राहतात. एवढ्या वेळात लहान रेणूची साखर सरळ बाहेर निघून जाते. मण्यात ट्रेहॅलोज घातलं म्हणून नोंद होते, प्रत्यक्षात ते नळीवाटे वाहून गेलेलं असतं. उपाय सोपा आहे: मणी ज्या पाण्यात पडतात त्या पाण्यातही तेवढ्याच तीव्रतेचं ट्रेहॅलोज ठेवा. धुण्याच्या पाण्यातही. खर्च वाढतो, पण ते पाणी पुन्हा वापरता येतं.

आणि ते धुणं खरोखर करा. कॅल्शियम क्लोराइड भयंकर ओलावा खेचणारं मीठ आहे. हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास गेली तरी ते पाणी ओढून विरघळू लागतं. मण्याच्या पृष्ठभागावर त्याचा अंश राहिला तर प्रत्येक मणी स्वतःच्या अंगावर पाण्याचा थेंब बाळगून बसतो. तुमच्या बरणीतले मणी तीन महिन्यांनी एकमेकांना चिकटले होते का? तसं असेल तर पहिला संशय माझा यावरच. कॅल्शियम लॅक्टेट वापरलं तर हा त्रास बराच कमी होतो. अमायलेजला स्थिर राहायला कॅल्शियम लागतं हे खरं, पण अल्जिनेटला बांधलेलं कॅल्शियम त्यासाठी सहसा पुरतं. मोकळं क्लोराइड शिल्लक ठेवण्याची गरज नाही.

आता पपेनबद्दल. तिन्ही एन्झाइमं एका मण्यात घालण्याचा निर्णय हा या साऱ्यातला सगळ्यात महाग निर्णय आहे. पपेन प्रथिनं तोडतं. लॅक्टेज आणि अमायलेज ही प्रथिनंच आहेत. कोरड्या स्थितीत पपेन निमूट पडून असतं, पण अल्जिनेटच्या द्रावणात, कॅल्शियमच्या पाण्यात आणि मग ४५ अंशांच्या ट्रेवर तासन्‌तास ते ओलं, उबदार आणि शेजाऱ्यांना खेटून असतं. पपेनला उष्णता मानवते. त्यामुळे वाळताना जसजसं पाणी उडतं, तसतशी सगळ्यांची तीव्रता वाढत जाते आणि शेवटच्या ओल्या तासाभरात सर्वांत जास्त नुकसान होतं. प्रथिनभंजक एन्झाइम नेहमी वेगळं बांधा, वेगळं वाळवा, आणि शेवटी कोरड्या पावडरी एकत्र करा. एकत्र करतानाही दोन्हींची वॉटर ॲक्टिव्हिटी (आतलं पाणी किती मोकळं आहे याचं ० ते १ मधलं माप) जुळलेली हवी, नाहीतर ओल्या पावडरीतलं पाणी कोरडीकडे सरकत राहतं.

याच ओघात भिंतीच्या निवडीचा एक नियम सांगतो, तो मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो: एन्झाइमला त्याच्याच खाद्याची भिंत घालू नका. अमायलेजला स्टार्च किंवा माल्टोडेक्स्ट्रिनची भिंत दिली, तर वाळवण्याआधी द्रावणाच्या टाकीतच ते ती कुरतडायला लागतं. लहान साखळ्या तयार होतात, काच मऊ पडते, आणि वर नवी क्षपणकारी (प्रथिनाशी जुळू शकणारी) साखर मेलार्डला आमंत्रण देते. पपेनला जिलेटिन, केसिन (दुधातलं मुख्य प्रथिन) किंवा मठ्ठ्यातल्या प्रथिनांची (व्हे प्रोटीनची) भिंत नको. लायपेजला चरबीचा थर देताना थांबून विचार करा. सेल्युलेजवर सेल्युलोजपासून बनवलेलं आवरण चढवलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणजे तुमच्यासाठी वर सुचवलेली ट्रेहॅलोज-माल्टोडेक्स्ट्रिन जोडी लॅक्टेज आणि पपेनला चालेल. अमायलेजला नुसतं ट्रेहॅलोज आणि अरेबिक गम बरा. कुणी म्हणेल की कोरड्यात हे घडतच नाही. खरं आहे, पण प्रत्येक कोरडी पावडर आधी काही तास ओली असते.

पपेनचं आणखी एक दुखणं आहे. त्याच्या क्रियास्थळी सिस्टीनचा गंधकाचा गट असतो, रेणूतल्या २५ व्या जागेवरचा. तो ऑक्सिजनने खराब होतो. सुरुवातीची इजा उलटवता येते, पुढची नाही. म्हणून पपेनची चाचणी दोनदा करा: एकदा सिस्टीन आणि ईडीटीए (धातूचे अंश बांधून ठेवणारं रसायन) घालून, एकदा न घालता. घातल्यावर आकडा वर उसळला तर तुमचं नुकसान अजून परतीच्या वाटेवर आहे आणि नायट्रोजन भरून पॅकिंग केल्याने आयुष्य नक्की वाढेल. नाही उसळला तर उशीर झाला. ऑक्सिजन फक्त हवेतून येतो असंही समजू नका. पॉलिसॉर्बेट, पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पोविडोन या मदतनीस पदार्थांत जुनं झाल्यावर पेरॉक्साइड साचतात. उघडून वर्षभर ठेवलेल्या डब्यातलं पॉलिसॉर्बेट मी गंधकाधारित एन्झाइमजवळ फिरकू देत नाही.

वाळवण्याची पद्धत. ट्रेवर वाळवणं सोडून द्या, एवढंच मी त्याविषयी म्हणेन. स्प्रे ड्रायर (द्रावण गरम हवेत फवारून वाळवणारं यंत्र) असेल तर आत जाणारी हवा १४० ते १८० अंशांची असली तरी घाबरू नका. थेंब ओला असेपर्यंत बाष्पीभवनामुळे थंड राहतो. कणाला शेवटी जे तापमान भोगावं लागतं ते बाहेर पडणाऱ्या हवेचं, आणि ते ७० ते ९० अंशांच्या पट्ट्यात खालच्या बाजूला ठेवायचं. पण आउटलेट खाली आणलं की पावडर ओलसर निघते, आणि मग सगळा खेळ फसतो. त्यामुळे मी नेहमी दोन टप्प्यांत वाळवतो: स्प्रे ड्रायरमधून सौम्यपणे काढायचं, ओलावा ५ टक्क्यांच्या आसपास राहिला तरी चालेल, आणि लगेच फ्लुइड बेडमध्ये (खालून हवा सोडून पावडर तरंगत ठेवणाऱ्या यंत्रात) किंवा निर्वात ओव्हनमध्ये कोरड्या हवेने ३५ ते ४० अंशांना शेवटचा ओलावा काढायचा. स्प्रे ड्रायरमधलं दुसरं नुकसान उष्णतेचं नसतंच. बारीक थेंबाचा पृष्ठभाग प्रचंड असतो, प्रथिन हवेच्या त्या सीमेवर पसरतं आणि उलगडतं. ती जागा आधीच दुसऱ्या कुणी अडवली तर एन्झाइम वाचतं. लॅक्टेजसाठी थोडं मठ्ठ्याचं प्रथिन किंवा अल्प प्रमाणात ताजं पॉलिसॉर्बेट ही राखणदारी करतं. पपेनसाठी यातलं एकही नाही, कारण वर आलंच.

फ्रीझ ड्रायिंग (गोठवून निर्वातात वाळवणं) सौम्य आहे, महागही आहे. तिथे बफरकडे, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या मिठाकडे, लक्ष द्या. सोडियम फॉस्फेट गोठताना त्यातलं डायसोडियम मीठ आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं आणि उरलेल्या द्रवाचा पीएच तटस्थावरून ४ च्या आसपास कोसळू शकतो. यीस्टपासून काढलेलं तटस्थ लॅक्टेज हे सहन करत नाही. पोटॅशियम फॉस्फेट किंवा सायट्रेट वापरा.

वॉटर ॲक्टिव्हिटी किती ठेवायची, हे अजून सांगितलं नाही. २५ अंशांना ०.२ च्या खाली, आणि हे दर लॉटला मोजायचं. नुसता ओलाव्याचा टक्का पुरेसा नाही: ५ टक्के पाणी एका मिश्रणात घट्ट धरलेलं असतं, दुसऱ्यात मोकळं फिरत असतं. अगदी हाडासारखं कोरडं करण्याचा हव्यासही नको. मिश्रणात असंतृप्त चरबी असेल तर ०.२ च्या फार खाली तिचं ऑक्सिडीकरण पुन्हा वेग घेतं, आणि त्या चरबीतले पेरॉक्साइड एन्झाइमला पोहोचतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नातली भिंत. बाष्प अडवायचंच असेल तर भिंत चरबीची किंवा मेणाची हवी. पूर्ण हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, वितळणबिंदू ६० अंशांच्या आसपास, फ्लुइड बेडमध्ये वितळवून फवारायचं. यात पाणी नसतं, हा मोठा फायदा. पाण्यात विरघळवलेल्या आवरणाने आधी कोरडा केलेला गाभा पुन्हा भिजतो. पण बारीक पावडरीवर हे करू नका. ५० मायक्रॉनच्या कणांचा एकूण पृष्ठभाग तेवढ्याच वजनाच्या ५०० मायक्रॉनच्या कणांच्या दहापट असतो, म्हणजे तेवढ्याच चरबीत थराची जाडी साधारण दहावा हिस्सा उरते आणि तो सलग बसतही नाही. आधी दाणे करा, ३०० ते ६०० मायक्रॉनचे, गोलसर, चुरा न होणारे, आणि मग एकूण वजनाच्या २० ते ४० टक्के चरबी चढवा.

चरबीच्या थराची एक खोड लक्षात ठेवा. पटकन थंड झालेली चरबी आधी एका अस्थिर स्फटिकरूपात गोठते आणि पुढच्या काही आठवड्यांत घट्ट, स्थिर रूपात जाते. त्या बदलात थर आकसतो आणि बारीक भेगा पडतात. पहिल्या दिवशीची गळतीची चाचणी झकास येते, महिन्याने तेच दाणे पाण्यात टाकले की एन्झाइम सुटायला लागतं. मी चरबीचा कोणताही नमुना चार आठवडे झाल्याशिवाय पास करत नाही, आणि ते चार आठवडे तापमान मुद्दाम थोडं खालीवर होऊ देतो. मेणाचा वितळणबिंदू जितका जास्त तितकं साठवणीत बरं, पण शेवटी ते पोटात सुटायला हवं. कार्नोबा मेण ८२ ते ८५ अंशांना वितळतं. त्याचा जाड थर दिला तर दाणा तसाच्या तसा पोटातून पुढे निघून जाऊ शकतो. दोन वर्षं टिकलेलं पण कधीच न सुटणारं एन्झाइम म्हणजे खाणाऱ्याची फसवणूक. सुटण्याची चाचणी साठवणीच्या प्रत्येक टप्प्याला करा, फक्त सुरुवातीला नाही.

पॅकिंगवर लोक सर्वांत कमी वेळ घालवतात आणि तिथेच सर्वांत स्वस्तात आयुष्य मिळतं. साधा हिशेब पाहा. १०० ग्रॅम पावडरीची १० बाय १५ सेंटीमीटरची पाकीट आहे, दोन्ही बाजू मिळून ०.०३ चौरस मीटर. समजा फिल्ममधून दिवसाला चौरस मीटरमागे १ ग्रॅम बाष्प जातं. मग पाकिटात दिवसाला ०.०३ ग्रॅम पाणी शिरेल, आणि पावडरीला परवडणारं २ ग्रॅम पाणी ६७ दिवसांत पूर्ण होईल. तीच पाकीट ॲल्युमिनियम फॉइलच्या लॅमिनेटची केली आणि पारगम्यता ०.०१ ग्रॅम धरली, तर तेवढ्याच पाण्याला अठरा वर्षं लागतील. अर्थात तेव्हा फॉइलऐवजी सीलमधून गळती होते. म्हणून सीलच्या जागी पावडरीचा कण अडकू देऊ नका. फिल्मचे आकडे बहुधा ३८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात, खऱ्या कोठारात वेग कमी पडतो, पण तुलना तीच राहते. तुमच्या बरणीचं झाकण किती घट्ट बसतं, हे तुम्ही अजून मोजलेलं नाही असं दिसतं.

शोषक पुडी टाकायची तर सिलिका जेल की मॉलिक्युलर सीव्ह (अतिसूक्ष्म छिद्रांचं, पाणी धरून ठेवणारं खनिज)? सिलिका जेल मध्यम दमट हवेत भरपूर पाणी घेतं, पण हवा १० टक्के आर्द्रतेच्या आसपास आली की त्याची भूक मंदावते. मॉलिक्युलर सीव्ह तिथेही जोमाने काम करतं. आपल्याला ०.२ च्या खाली राहायचं आहे, म्हणून सीव्ह. पावडर गिळायच्या कॅप्सूलमध्ये भरणार असाल तर जिलेटिनची कवचं टाळा: त्यांच्यात १३ ते १६ टक्के पाणी असतं आणि ते तुमच्या कोरड्या पावडरीत उतरतं. कवच मात्र १० टक्क्यांच्या खाली गेलं की ठिसूळ होऊन फुटतं. पपेनला तर जिलेटिन हे खाद्यच. एचपीएमसीच्या (सेल्युलोजपासून बनवलेल्या) कवचात ३ ते ८ टक्के पाणी असतं आणि कोरडं पडलं तरी ते तडकत नाही.

फ्रिजमध्ये ठेवण्याबद्दल. थंडीने फायदा होतोच, पण थंड पाकीट उघडताना होतो तो घात. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत नमुन्यांचा एक अख्खा संच असा घालवला आहे: फ्रिजमधून काढलं, लगेच उघडलं, वजन केलं, पुन्हा ठेवलं. दर वेळी थंड पावडरीवर हवेतलं पाणी बसत होतं. सहा महिन्यांनी फ्रिजमधले नमुने बाहेर ठेवलेल्या नमुन्यांपेक्षा वाईट निघाले. तेव्हापासून प्रत्येक तपासणीसाठी स्वतंत्र सीलबंद पुडी करतो, आणि ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडत नाही.

हे एन्झाइम ओल्या पदार्थात जाणार असेल तर वर लिहिलेलं बरंचसं लागू होत नाही. पाण्यात काच उरत नाही. तिथे चरबीचा थर काही आठवडे सांभाळतो, वर्षं नाही. शक्य असेल तर एन्झाइम वेगळ्या पुडीत द्या आणि खाताना मिसळू द्या. शिवाय ओल्या पदार्थात आयुष्य दोन्हींचं मोजावं लागतं. गळालेलं लॅक्टेज दूध आधीच गोड करतं, अमायलेज घट्टपणा घालवतं, लायपेज चरबीला खवट वास आणतं. एन्झाइम शाबूत आणि पदार्थ खराब, हेही अपयशच.

मोजमापाकडे वळतो, कारण मला अजून खात्री नाही की तुमचं लॅक्टेज खरंच ४० टक्के मेलं आहे. एकदा माझ्याकडे एक लॉट परत आला, निम्मी क्रियाशीलता गेली म्हणून. तेच मणी सोडियम सायट्रेटमध्ये पूर्ण विरघळवून पुन्हा मोजले तर ९० टक्क्यांच्या वर. वाळून वाळून अल्जिनेट इतकं आवळलं होतं की चाचणीच्या दहा मिनिटांत आतलं एन्झाइम बाहेर येत नव्हतं आणि सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) आत शिरत नव्हता. बुरशीजन्य लॅक्टेजची चाचणी पीएच ४.५ ला करतात, आणि त्या आम्लात अल्जिनेट फुगायचं नावच घेत नाही. म्हणून आधी तटस्थ पीएचला मणी विरघळवा, मग पातळ करून चाचणीच्या बफरमध्ये घ्या. तीन आकडे हवेत: मणी अखंड असताना बाहेर दिसणारी क्रियाशीलता, पूर्ण विरघळवल्यावरची एकूण क्रियाशीलता, आणि एकूण प्रथिन. एकूण टिकली पण दिसणारी घटली, तर भिंत सैल करायची आहे. कायटोसनचा थर दिला असता तर हेच दुखणं वाढलं असतं. एकूणही घटली, तर वरचा सगळा उपद्व्याप. अमायलेजच्या बाबतीत सायट्रेट त्याचं कॅल्शियमही पळवतं, तेव्हा विरघळवण्याचा वेळ कमी ठेवा आणि चाचणीत कॅल्शियम परत घाला.

आणखी एक: तुमचे १०० टक्के कुठले आहेत? मणी करण्याआधीच्या द्रावणाचे की वाळलेल्या मण्याचे? पहिल्या दिवसाची मोजणी वाळल्यानंतरची नसेल, तर तीन महिन्यांचं म्हणून दिसणारं नुकसान कदाचित ट्रेवरच्या एका रात्रीत झालेलं असेल. पपेनचा रेणू २३ हजार डाल्टनच्या आसपासचा, म्हणजे लहान. ओल्या मण्यातून तो कॅल्शियमच्या पाण्यातही बराच निसटतो. त्या पाण्यातही मोजा.

टिकाऊपणाच्या अभ्यासासाठी महागडं यंत्र नसलं तरी अडत नाही. घट्ट झाकणाच्या डेसिकेटरमध्ये संपृक्त मिठाचं द्रावण ठेवलं की आर्द्रता आपोआप स्थिर राहते: २५ अंशांना लिथियम क्लोराइड ११ टक्के, मॅग्नेशियम क्लोराइड ३३, पोटॅशियम कार्बोनेट ४३, साधं मीठ ७५. उघडी पावडर या चारांत ठेवा आणि दर आठवड्याला मोजा. कोणत्या आर्द्रतेला घसरण एकदम उतारावर लागते ते महिन्याभरात दिसतं, आणि पॅकिंगला नेमकं काय थोपवायचं आहे तेही कळतं. ४० अंशांच्या वेगवान चाचणीवरून २५ अंशांचं आयुष्य काढताना मात्र जपा. तुमच्या मिश्रणाचं ग्लास ट्रान्झिशन या दोन तापमानांच्या मध्ये असेल, तर ४० ला ते मऊ आणि २५ ला काच; दोन वेगळ्या पदार्थांतून एक सरळ रेषा ओढता येत नाही. चांगलं मिश्रण त्यामुळे उगाच नापास होतं.

जास्तीचा भरणा करून लेबल सांभाळणं हा रूढ मार्ग आहे आणि मर्यादेत तो योग्य आहे. महिन्याला १ टक्का गळती असेल तर २४ महिन्यांनी ७८ ते ७९ टक्के उरतात, म्हणजे शेवटी १०० हवे असतील तर सुरुवातीला १२७ भरावे लागतात. गळती अर्धा टक्का केली तर ११३ मध्ये भागतं. पण १६ टक्क्यांच्या गळतीवर भरणा वाढवणं म्हणजे पहिल्या महिन्यातल्या खाणाऱ्याला कैक पट मात्रा आणि शेवटच्याला जेमतेम, असा अन्याय होतो. ते करू नका.

कोरडी पावडर हाताळताना मास्क आणि हवा ओढणारी व्यवस्था हवीच, विशेषतः पपेनसाठी. एन्झाइमची धूळ श्वासातून गेल्याने कायमचा दमा जडलेली माणसं या धंद्यात आहेत, आणि एकदा ॲलर्जी जडली की त्या माणसाला पुन्हा त्या खोलीत जाता येत नाही.

तेव्हा या आठवड्यात जाड भिंतीचे किंवा जास्तीच्या थराचे नवे मणी करू नका. तीन महिन्यांच्या बरणीतले मणी घ्या, त्यांची वॉटर ॲक्टिव्हिटी मोजा, सायट्रेटमध्ये विरघळवून एकूण लॅक्टेज काढा, आणि पपेनची चाचणी सिस्टीनसह व सिस्टीनविना करा. त्याचबरोबर पपेन वगळून, धुण्याच्या पाण्यात ट्रेहॅलोज ठेवून, लॅक्टेजच्या मण्यांचा एक छोटा घाणा करा आणि तो फॉइलच्या पाकिटात सीव्हच्या पुडीसह बंद करा. वॉटर ॲक्टिव्हिटी ०.४ च्या वर निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही. हे आकडे कळवा, मग चरबीचा थर लागतो की नाही ते ठरवता येईल. माझा अंदाज आहे की लॅक्टेजला तो लागणार नाही.